पाठवून राह्यलो

२ जुलै, गडचिरोली
शाखाबदलाचा फॉर्म भरला एकदाचा! बी.एस्सी.चं पह्यलं वर्ष झालेल्यायले आपल्याच विद्यापीठात इंजिनीअरिंगले जाता येते. चंद्रपूरच्या कॉलेजात सिव्हिलच्या जागा रिकाम्या हायेत. फॉर्मवर फिजिक्सच्या सरांची सही पाह्यजे, अन् तो पाठवाचाबी त्यायनंच. सर म्हणाले, "तू बिनधास्त राह्य, मी पाठवून राह्यलो." सर म्हणजे मले बापाच्या जागी. पह्यल्या वर्षी स्वतःची पुस्तकं देल्ली होती.

५ जुलै
बाबाले फोन केला. तलावावर होते, जाळं सोडत. "सिव्हिल म्हणजे काय वं?" म्हटलं, आपल्या तलावाचं तुडूम ज्या साहेबानं बसवलं, ते. हासले. पाणी सोडाचं ते तुडूम असं बसवलं का दरवर्षी पाण्यासंगं मासे लोकायच्या धानाच्या बांध्यांत जातेत, अन् आम्ही मासे धरणारे ढिवर काठावर बसून पाहतो. "मंग तू नीट बसव," बाबा म्हणाले. बाजूच्या डोंग्यावाल्याले आयकू जाईन इतक्या मोठ्यानं म्हणाले.

१० जुलै
सरायले विचारलं. "पाठवून राह्यलो ना." आता पूर्ण लिहीत नाई, पा.रा. लिहीन.

१३ जुलै
पा.रा.

१६ जुलै
पा.रा. आज चहा पाजून पा.रा.
सुषमा (रूममेट, माह्याच वर्गातली) म्हणते, "कायले घाई करून राह्यली? सर म्हणाले ना." बरोबर हाये तिचं. मलेच धीर नाई.

२० जुलै
चंद्रपूरच्या कॉलेजात फोन लावला. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा फॉर्म आलेलाच नाही."
"सर पाठवून राह्यले, मॅडम."
पुण्याकडच्या असतीन. "पाठवून राहिले म्हणजे? पाठवला की नाही?"
मी शेवटची तारीख विचारली अन् फोन ठेवला. पाठवून राह्यलो अन् पाठवला, या दोघायच्या मधात पुरा महिना निघून जाऊ शकते, हे ध्यानातच नव्हतं आलं. शेवटची तारीख ३१.

२३ जुलै
सर मीटिंगले गेले होते. प्रॅक्टिकलचं रजिस्टर काढाले त्यायचं कपाट उघडलं. रजिस्टरखाली माहा फॉर्म! सरांची सही, शिक्का, तारीख २ जुलै. म्हणजे त्याच दिवशी सही केली अन् त्याच दिवशी कपाटात टाकला. ओढणीत लपवून आणला. फॉर्म माहाच, अन् आणला चोरासारखा.

२४ जुलै
सुषमाले दाखवला. तिनं फॉर्मकडे पाह्यलंच नाई. तवाच समजलं.
"तुले माहीत होतं?"
"सगळ्यायलेच माहीत होतं वं."
फिजिक्सचा गट चालवाले कमीत कमी दहा जण लागतेत. आम्ही बरोबर दहा. मी गेली का गट बंद. बाकीच्यायनं दुसरे विषय घ्या, नाई तं घरी बसा. सरांनी त्या नवायले बसवून सांगतलं होतं, तिले कळू देऊ नोका. अन् एकानंबी कळू देल्लं नाई! रोज माह्यासंगं डबा खात होते.
सुषमा रडली. "माह्या घरचे मले वापस बोलावतीन." मी नाई रडली. मले विचारलं असतं तं? मी कदाचित थांबलीबी असती. आता कोण जाणे. सरांनी दगा देल्ला तं देल्ला, पण सुषमे, तू? दोन बिछान्यांच्या मधात हातभर जागा, अन् तू एवढे दिवस

२७ जुलै
फॉर्म सरांपुढं ठेवला. म्हटलं, खोटं काऊन बोलले?
"खोटं कुठी बोललो? पाठवूनच राह्यलो होतो."
आयकून घ्या बाप्पा! मंग मान खाली घालून म्हणाले, "गट एकदा तुटला का इथी परत फिजिक्स कोणी शिकत नाई, बेटा." खरं असन. खरं हाये म्हणूनच जास्त राग आला. बेटा म्हणू नका म्हटलं, फॉर्म उचलला अन् निघाली.

२८ जुलै
चंद्रपूरच्या मॅडमले पुन्हा फोन. सही-शिक्का असन तं हाती आणला तरी चालते म्हणतेत.

३० जुलै
बॅग भरली. सुषमासंगं सहा दिवस बोलणं नाई. बाबाचा फोन: "पाठवला का सरांनी?" खरं सांगतलं असतं तं बाबा जाळं टाकून इथी आले असते भांडाले. म्हटलं, "पाठवून राह्यले." माह्याच तोंडून निघालं.

३१ जुलै, बसस्टँड
चंद्रपूरच्या सकाळच्या गाडीची वाट पाहून राह्यली. सुषमा मागं मागं आली, डबा घेऊन. नोको होता, पण घेतला. "परत येशीन का?" तिनं विचारलं नाई, डोळ्यायनं विचारलं.
आताच सरांचा फोन.
"कुठी हायस?"
"स्टँडवर."
"जाऊन राह्यली का?"
"जाऊन राह्यली, सर."
 सरांनी फोन ठेवला नाई. या 'जाऊन राह्यली'ची किंमत किती, हे त्यायच्याहून जास्त कोणाले माहीत? शेवटी मीच ठेवला.
गाडी लागली. कंडक्टर "चंद्रपूर, चंद्रपूर" ओरडून राह्यला. सुषमा समोर उभी हाये. फॉर्म बॅगेत हाये. अन् मी बाकावर बसून हे लिहून राह्यली.