चार नंबरचं टायर पॉलिश

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, दिवसाच्या शेवटी मनाची झाडलोट करावी. तेव्हा मी रोज लिहायचे, ‘आज माझ्याकडून काही चूक झाली नाही.’ सुंदर अक्षरासाठी शाबासकी मिळायची.

निश्चय : आपल्या वॉशिंग सेंटरवर यापुढे फक्त इको-फ्रेंडली टायर पॉलिश. ते जुनं, तेलकट, डोकं उठवणाऱ्या वासाचं बंद. कारण पर्यावरण. दुसरं काही नाही.

५ मार्च, बुधवार

दुसरंही थोडं आहे. वही माझीच, तर लिहायला हरकत नाही.

पेन्सिलची नर्सरी आमच्या सेंटरच्या मागे, उतारावर. पेन्सिल म्हणजे पहिलीपासून एका बाकावर बसलेली माझी मैत्रीण. तेव्हा काडीसारखी होती, म्हणून पेन्सिल. आता तशी राहिली नाही, नाव राहिलं. मी तिची ढब्बू. दोन वर्षांपूर्वी मीच तिला म्हटलं, गाड्या धुतलेलं पाणी टाकीत गाळ बसून स्वच्छ होतं, वाया कशाला घालवायचं, तुझ्या फर्नना घे. पाइपही मीच टाकून दिला. वाढदिवसाची भेट. तिचे डोळे भरून आले होते.

आता तिचे फर्न पिवळे पडतात, कडा करपतात. खत बदललं, माती बदलली, चष्मासुद्धा बदलला. काल म्हणाली, ढब्बे, माझा हातच गेला गं. मी म्हटलं, वयाप्रमाणे होतं असं.

हे म्हणायला नको होतं.

टाकीतल्या पाण्यावर तवंग असतो. मुद्दाम बघितला नाही, नजर गेली. उद्या जाऊन सांगून टाकायचं.

६ मार्च

सांगितलं नाही. आधी उपाय हातात असावा. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही. तेवढं विचारलं, पाणी पुरतं का. म्हणाली, तुझ्या कृपेनं भरपूर.

११ मार्च, मंगळवार. दुपारी ३

सॅम्पलवाला येऊन गेला. सहा बाटल्या. प्रत्येकीवर हिरवं पान छापलंय. त्याला विचारलं, पान सोडून आत काय आहे? तर त्यानं बोटावर थेंब घेऊन चाटून दाखवला. मी म्हटलं, अहो, राहू द्या, टायरला लावायचंय. मग बराच वेळ पाणी पीत बसला.

आमचे उस्ताद बाजूला उभे होते. वीस वर्षं गाड्या धुतायत, गाडीच्या आवाजावरून मालकाचा स्वभाव सांगतात. म्हणाले, बाई, गिऱ्हाईक गाडीत बसण्याआधी टायरकडे बघतं. टायर काळा कुळकुळीत दिसला की गाडी धुतली. नाहीतर आपण नुसतं पाणी उडवलं.

त्यांना पर्यावरण समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

१३ मार्च

युक्ती सुचली. न सांगताही पाणी थांबवता येतं. पेन्सिलला फोन केला, पंप बिघडलाय, काही दिवस नळाचं पाणी घाल. तासाभरात तिनं स्वतःचा मेकॅनिक पाठवला. म्हणाली, तू माझ्यासाठी एवढं करतेस, मी एवढंही करू नये? मेकॅनिक म्हणाला, पंपाला काहीच झालेलं नाही. तरी एक नट आवळून गेला. पाणी पूर्वीपेक्षा जोरात जातंय.

१७ मार्च, सोमवार

काम शास्त्रीय पद्धतीनं सुरू. घरामागच्या भिंतीला सहा जुने टायर टेकवून ठेवले, खडूनं नंबर घातले. एकेका टायरला एकेक पॉलिश. नवीन पॉलिश पाण्यासारखं पातळ. टायर कोरडा हवा, स्पंजनं चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चोळायचं. उस्ताद म्हणाले, एवढ्या वेळात मी गाडी विकून येईन.

चमकेला दहापैकी गुण दिले. दोन नंबर सर्वांत देखणा.

२० मार्च

चमक बघून काय उपयोग, झाडावर काय होतं ते बघायला हवं. हे आधी कसं सुचलं नाही. एकेक टायर धुवायचा, त्याचं पाणी एकेका कुंडीला. सहा फर्न हवेत. फर्न कुठे मिळतात? पेन्सिलकडे.

तिनं धडधाकट बघून सहा काढून दिले. पैसे घेईना, मी बळेबळे दिले. म्हणाली, निदान तुझ्याकडे तरी जगतील.

२९ मार्च, शनिवार

एक आणि दोन गेले. तीन पिवळा. उरलेले तीन विचारात आहेत.

तुलनेसाठी जुन्या पॉलिशचाही एक फर्न असावा. पेन्सिलकडून सातवा आणला. कुंडीवर चिठ्ठी लावली : ‘जुनं’. अक्षर अजून छान येतं माझं.

२ एप्रिल

‘जुनं’ चार दिवसांत गेलं. हे अपेक्षितच होतं. तरी जेवण गेलं नाही. आमचे हे म्हणाले, एका कुंडीसाठी? मी म्हटलं, पित्त झालंय.

गेलेल्यांच्या जागी आणखी तीन आणले, चूक व्हायला नको म्हणून पुन्हा तेच नंबर. पेन्सिल म्हणाली, तुझ्या घराचं जंगल झालं असेल, एकदा बघायला येते. मी म्हटलं, ये की. मग म्हटलं, इतक्यात नको, रंगकाम काढलंय. आता रंगकाम काढावं लागणार.

५ एप्रिल, शनिवार

सेंटरवर बोर्ड लावला. हिरव्या अक्षरांत : ‘आम्ही निसर्गाची काळजी घेतो’. ड्रममध्ये जुनं अजून निम्मं आहे, पण ते फेकायचं तर फेकणार कुठे? गटारात ओतणं हे तर पापच. त्यापेक्षा रोज थोडं थोडं टायरला लावून संपवलेलं बरं. उस्ताद म्हणाले, बाई, टायरवरून ते जातं कुठे? मी म्हटलं, तुम्ही बोर्ड सरळ करा, डावीकडे कललाय.

९ एप्रिल

आज उगाच शाळा आठवली. चौथीत प्रयोगशाळेतली निळी बाटली माझ्या हातून फुटली होती. सिस्टरनी विचारलं, कोणी फोडली? मी चपलेकडे बघत राहिले. पेन्सिल उभी राहिली. तिला तीन दिवस डबा एकटीनं खायला लागला. मधल्या सुट्टीत मी खिडकीतून तिला हात करायचे. ती पण करायची.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या वयात कळत नाही.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ५

पेन्सिल आली होती. न कळवता. मी केस धुवून आतल्या खोलीत. ह्यांनी दार उघडलं आणि मोठ्या उत्साहानं म्हणाले, या, या, हिची प्रयोगशाळा मागे आहे. नवऱ्यांना काही सांगून ठेवलं नाही तर असं होतं. सांगितलं तर मात्र ऐकू येत नाही.

मी बाहेर आले तोवर ती टायरांसमोर उभी होती. सहा टायर, सहा कुंड्या, तेच नंबर. बाजूला ‘जुनं’, सुकून दोरीसारखं झालेलं. तिनं चिठ्ठी वाचली. खाली बसली. त्या कुंडीतली माती चिमटीत घेतली, वास घेतला. नंतर प्रत्येक कुंडीतली माती दाबून बघितली, डॉक्टर नाडी बघतात तशी.

मग म्हणाली, चार नंबर चांगला आहे. नवीन पान उलगडतंय. तेच घे.

मी म्हटलं, चहा टाकते. ती म्हणाली, नको गं, हात मातीचे आहेत. पूर्वी मातीच्या हातानंच प्यायची.

ह्यांच्यासमोर बोलणं योग्य नव्हतं.

१४ एप्रिल

सकाळी पाइप बंद केला. कारण सांगायची वेळ आली नाही. तिनं तिकडून आधीच बूच मारलं होतं.

चार नंबरची ऑर्डर दिली. जुना ड्रम सॅम्पलवाल्याच्या ओळखीचा रसायनं गोळा करणारा माणूस घेऊन गेला. एका फोनचं काम निघालं.

२५ एप्रिल, शुक्रवार

चार नंबर सुरू होऊन आठवडा झाला. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, टायर राहिला का? उस्तादांनी दोघांना पर्यावरण समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगतात.

त्यांच्याकडूनच कळलं, पेन्सिलनं नर्सरी देऊन टाकली. रविवारी लेकीकडे जातेय, कायमची. मला वाटलं, मला आधी सांगेल.

गेले तिच्याकडे. मांडण्या रिकाम्या, ती खुरपी कागदात गुंडाळत होती. मी चार नंबरचा कॅन सोबत नेला होता, दाखवायला. तिनं वाचलं, बरं आहे म्हणाली. मग खाली बघतच म्हणाली, ढब्बे, एक सांग. मार्चमध्ये मी हात गेला म्हणाले, तेव्हा तुला माहीत होतं?

मी म्हटलं, अगं, तेव्हा पॉलिश ठरलं नव्हतं.

ती हसली. म्हणजे ओठ हलले. म्हणाली, दोन वर्षं मी माझ्या हातांना शिव्या घातल्या गं. बाकी काही नाही. मग कागद संपला म्हणून आत गेली. मी थोडा वेळ उभी राहिले. बराच वेळ लागला तिला कागद शोधायला, म्हणून निघाले.

सगळं नीट सांगायला हवं, पहिल्यापासून. आता तिला माहीतच आहे, त्यामुळे सोपं जाईल. उद्या नको, ती बांधाबांधीत असेल. रविवारी निघायच्या घाईत तर नकोच. सोमवारी फोन करीन. फोनवर एक बरं असतं, तोंड दिसत नाही.