सत्तेचाळीस भागिले बारा

मंगळवार, ८ एप्रिल, रावेर

१. सहा टोळ्या, प्रत्येकी नऊ बायका. चोपन्न.
२. गैरहजर सात. कामावर सत्तेचाळीस.
३. एका क्रूझर जीपमध्ये बारा बसतात. मी तीन गाड्या मागवल्या.
४. छत्तीस जणी गाडीने गेल्या. अकरा जणी आमच्या केळीच्या पॅकिंग शेडपासून गावापर्यंत सात किलोमीटर चालल्या. दुपारी तीनला!
५. भागाकार बरोबर होता.

बुधवार, ९ एप्रिल

चूक सापडली. खोकी मोजायचं सूत्र मी गाड्यांच्या रकान्यात तसंच उचलून टाकलं. ते अपूर्णांक सोडून देतं. खोक्यांना ते ठीक – अर्धं खोकं कंटेनरमध्ये चढत नाही. माणसं घरी पोचवायची असतात.

चालत गेलेल्यांपैकी झुंबरबाईंनी तुटलेली चप्पल माझ्या टेबलासमोर धरली. "का वं माय, तुह्या कॉम्प्युटरले आम्ही दिसलो नही का?"

मागून कोणीतरी – "दिसलो, पन अर्ध्याच!"

सगळ्या हसल्या. अर्धी नाही, गाडी ०.९२ भरत होती.

गुरुवार, १० एप्रिल

मॅनेजर प्रेमराजभाऊंना म्हटलं, चौथी गाडी लागेल.

"अकरा जणींसाठी अख्खी गाडी? ताई, तुम्ही इंजिनियर ना! रोज छत्तीस आल्या की फाटक बंद. बाकी शून्य."

आणि त्या अकरा जणींची नावं कायमची कापायची. "बोंब त्यांनीच मारली ना!"

यादी मी ठेवते. म्हणजे कापायचीही मीच.

कापली नाहीत.

शुक्रवार, ११ एप्रिल

एक बाई दिवसाला पस्तीस खोकी भरते. छत्तीस जणींची १२६०. रोजच्या कंटेनरला १५४० लागतात. कमी २८०. भागिले पस्तीस – आठ.

म्हणजे चव्वेचाळीस जणी पुरतात. सत्तेचाळीसातून तीन उरतात. पुन्हा केलं. तीनच. हा आकडा प्रेमराजभाऊंच्या हाती द्यायचा, तर उद्या कुठल्या तीन कापायच्या, तेही मलाच विचारतील.

जेवण झालं नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

पाठवलं. नक्कल इथे –

"प्रेमराजभाऊ, छत्तीस जणींत कंटेनर भरत नाही. चव्वेचाळीस लागतात. एखाद्या दिवशी चोपन्नपैकी दहा गैरहजर राहिल्या, तर नेमक्या तेवढ्याच उरतात. म्हणून एकही नाव कमी करता येत नाही. गाडीची चूक माझी होती. सोमवारपासून चौथी गाडी लावावी. अकरा नावं कापायचीच असतील, तर बारावं माझं कापा. शनिवारी पाचपर्यंत लेखी कळवा. – पुनम"