हत्तीच्या पोटातला वास

३ फेब्रुवारी, सोमवार

परत आले! अख्खं खोकं परत आलं. खेळण्यातले सुवासिक हत्ती, आणि सुवासाचा पत्ता नाही. दुकानदार मालकांना फोनवर म्हणाला म्हणे, "तीन आठवड्यांत तुमचा हत्ती नुसता रबराचा होतो." मालकांनी ते जसंच्या तसं मला ऐकवलं. वर म्हणाले, "बाई, वासाचा विभाग चालवायचा की बंद करायचा, तुम्हीच सांगा."

विभाग म्हणजे काय, तर मी, एक टेबल, एक कपाट आणि वन्सं. मोठ्या दुकानांच्या खरेदीवाल्या बाई एप्रिलात येणार आहेत. त्यांची अट एकच — वास तीन महिने टिकला पाहिजे. नाही टिकला तर विभागाला कुलूप, आणि मी पुन्हा बाहुल्यांचे डोळे रंगवायला. अर्धं आयुष्य रंगवलेत ते डोळे. आता नाही रंगवणार. नाही म्हणजे नाही!

घरी येऊन चिडचिडत कांदा परतायला टाकला, तर आतल्या खोलीतून आवाज — "कांदा लागला गं!" लागला नव्हता. लागायच्या बेतात होता. काय हे नाक!

वन्सं यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या, आणि त्यांच्यामागून त्यांचं नाक आलं. दूध उतू जायच्या आधी यांना कळतं. फडकं ओलसर राहिलं तर कळतं. त्या नाकाने मला घरात इतकं भंडावलं, की शेवटी मीच मालकांना गळ घालून त्यांना कामावर लावलं — हुंगायला. माझं नाक दिवसभर तेलाच्या बाटल्यांत, त्याला आता गुलाब काय आणि रॉकेल काय! वन्सं म्हणाल्या 'आहे' तर वास आहे. 'गेला' म्हणाल्या तर गेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

तेल दुप्पट घालून बघितलं. रबर चिकट झालं, आणि डोळ्यांचा रंग ओघळून गालांवर आला. सगळा कळप रडतोय!

घरी एक नेऊन दाखवला, तर हे म्हणाले, "तसेच विका. नवरा-बायकोच्या भांडणानंतर द्यायला बरे." यांना काय जातंय बोलायला.

रबर नको आता. कापडाचे करून बघते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज अशी फजिती झाली आणि असं काही हाती लागलं, की फजितीबद्दल रडू का नाचू कळेना.

कापडाचे हत्ती केले होते. आत फोम, वरून कापडाला तेल चोळलेलं. एक संत्र्याचा, एक गुलाबाचा, एक लवंगेचा. आणि तुलना करायला एक बिनवासाचा, त्याच्या पोटात फोम संपला म्हणून लोकरीच्या कातरणी कोंबलेल्या. आज वन्संनी एकेक उचलला. "संत्रं — गेला. गुलाब — जेमतेम. लवंग — आहे, पण मरगळलाय." मग बिनवासाचा नाकाशी धरला आणि डोळेच मिटले. "हा बघ! हा सगळ्यात झकास!"

म्हटलं, "अहो वन्सं, त्यात काहीसुद्धा घातलेलं नाही!"

"मग माझं नाक खोटं बोलतंय का?"

नाक खोटं बोलत नव्हतं. अक्कल माझी चरायला गेली होती. चौघांना मी एकाच कपाटात कोंडलं होतं! तिघांचा वास उडाला तो जाणार कुठे? चौथ्याच्या लोकरीने सगळा पिऊन घेतला आणि पोटात धरून बसली. ज्याला काही दिलं नाही तोच गब्बर.

वन्सं म्हणाल्या, "मूर्खपणा केलास तो बरा केलास." कौतुक म्हणायचं हे!

म्हणजे वास कातडीला चोळायचाच नाही. पोटात ठेवायचा. लोकरीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं असं वाटतंय! पोटात लोकरीची पुरचुंडी, तिच्यात तेल. पुरचुंडीभोवती मेणकापडाचं अस्तर, म्हणजे वास इकडेतिकडे भटकणार नाही. कानामागे छोटी फट. हत्ती दाबला की फट उघडते आणि वास बाहेर, सोडला की बंद. पोराने जवळ घेतला तरच द्यायचा, नाहीतर गप्प पडून राहायचं. खेळणं शहाणं आहे माझं.

या वेळी कपाट नाही. तिघांना तीन खोल्यांत ठेवलंय. संत्रं बांधणीच्या खोलीत, गुलाब मालाच्या खोलीत, लवंग माझ्या टेबलावर. येणाऱ्याजाणाऱ्याने दाबून जायचं, पोरं दाबतात तसं. आणि दर बुधवारी वन्संनी हुंगायचं. बुधवारचं नाव मी हुंगवार ठेवलंय. मालक हसले. ते हसले म्हणजे अर्धा गड सर!

मला धाकधूक आहे ती संत्र्याची. संत्रं पळपुटं. सगळ्यांत आधी येतं आणि सगळ्यांत आधी निघून जातं.

५ मार्च, बुधवार

हुंगवार रद्द. वन्संना ताप. नाक चोंदून लाल झालंय, आणि त्या आजारातही मला सांगतायत पांघरूण कुठल्या बाजूने घालायचं.

१२ मार्च, बुधवार

वन्सं उठल्या. थोड्या उतरल्यात, पण उठल्या. आल्याआल्या तिन्ही खोल्या फिरल्या. संत्रं — आहे. गुलाब — आहे. लवंग — आहे.

संत्रंसुद्धा! मालकांच्या खोलीपर्यंत मी धावतच गेले.

१९ मार्च, बुधवार

आहे. आहे. आहे.

आणि रात्री जेवताना वन्सं म्हणाल्या, "छान झालंय सगळं." मी भांडं खाली ठेवलं. हे घास हातात धरून बघत राहिले. लग्न झाल्यापासून हे वाक्य या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

२६ मार्च, बुधवार

सुख सुख म्हणतात ते असंच असावं. कामावर हत्ती टिकतायत. घरी नणंद गोड झालीय. आज भाजी थोडी करपली, मलाच कळलं, तरी वन्सं निमूट जेवल्या. चहात साखर विसरले तरी "चालतं गं". आतल्या खोलीतून एक हाक नाही. काल तर दूध उतू गेलं, वन्सं ओट्याशीच मटार सोलत होत्या, आणि नुसतं म्हणाल्या, "अगं बाई, लक्षच नव्हतं."

यांना म्हटलं, आजारपणाने माणूस मऊ होतं बघा. हे म्हणाले, "ताई? मऊ?" आणि उठून आतल्या खोलीत डोकावून आले. यांना बहिणीचं चांगलं झालेलंही बघवत नाही!

मला मात्र अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालंय. आरशात बघून गुणगुणले आज.

२ एप्रिल, बुधवार

काय लिहू.

गुलाबाच्या हत्तीची कानामागची शिवण उसवली होती, म्हणून तो शिलाईला दिला होता. त्याच्या जागी कुणीतरी नवा कोरा हत्ती ठेवला. पोट भरायचं राहिलेलं, आत फोमसुद्धा नाही. मी न बघता तोच उचलून वन्संच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी धरला, दाबला, डोळे मिटले. "गुलाब. आहे. झकास आहे."

तो परत घ्यायला मी हात लावला, तेव्हा ते पोकळ पोट जाणवलं. मला हसूच आलं. म्हटलं, "वन्सं, पुरे हं थट्टा! रिकामा आहे तो!"

त्या हसल्या नाहीत. हत्ती तसाच धरून उभ्या राहिल्या, आणि मग खोक्यावर बसल्या. तापानंतर काहीच येत नाही म्हणाल्या. काही म्हणजे काही नाही. चहा म्हणजे गरम पाणी, जेवण म्हणजे चावायचं काम. "सकाळी उठल्यावर खिडकी उघडते ना, तर बाहेर काहीच नसतं गं. नुसता उजेड."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कशी सांगू? नाकावर तर ठेवलंयत मला. तेच गेलं म्हटल्यावर मी कोण? भावाच्या घरात जेवणारी म्हातारी." आणि मग अगदी हळू, "तू इतकी खूश होतीस. मला वाटलं, असेलच वास. तू केलायस म्हणजे असेलच."

इतके आठवडे मी आरशात बघून गुणगुणत होते! माझ्या हातची चव सुधारली होती म्हणे! एवढी लाज मला कधी वाटली नाही. मी पण खोक्यावरच बसले त्यांच्या शेजारी. दोघी मिळून रडलो. मालकांना वाटलं खरेदीवाल्या बाईंनी येणं रद्द केलं, ते दारातूनच परत गेले.

३ एप्रिल, गुरुवार

मालकांना सगळं सांगितलं. डोक्याला हात लावून म्हणाले, "म्हणजे महिनाभर आपण हवेत चाललो होतो?" म्हटलं, "हो. पण वन्संना काढलंत तर मीही निघाले." कुठून आलं हे तोंडात कोण जाणे! ते म्हणाले, "काढायचं कुणी म्हटलंय? आधी हत्तींना वास आहे का बघा."

खरंच की. कुणाला माहीत? वन्संना नाही, मला नाही, आणि कारखान्यात सगळीकडे तोच वास, त्यामुळे तिथल्या एकाच्याही नाकाचा भरवसा नाही. तिन्ही हत्ती पिशवीत घालून शेजारच्या शिंप्याकडे गेले. जीव मुठीत. शिंप्याने दाबले, त्याच्या म्हाताऱ्या आईने दाबले, कापड न्यायला आलेल्या बाईनेही दाबले.

"हे संत्रं." "हा गुलाब." "अगंबाई, लवंग!"

आहे!! वन्सं खोटं बोलत होत्या, तरी खरंच बोलत होत्या!

त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" म्हणजे बाई जिवंत आहे अजून.

११ एप्रिल, शुक्रवार

खरेदीवाल्या बाई आल्या. चेहरा असा, की आयुष्यात काही आवडलंच नसावं. डोळे मिटून हत्ती दाबला आणि एकदम लहान मुलीसारख्या हसल्या — "संत्रं!" छोटी ऑर्डर दिली लगेच. मोठी ऑर्डर मेअखेरीस, तेच हत्ती पुन्हा हुंगून. तिन्ही पास तर तिन्ही घेणार. एखाद्याचा वास आधीच गेला, तर लपवायचं नाही, फोन करून सांगायचं. कबूल केलं.

तिघेही आता आमच्या घरी आहेत. कारण नाकाच्या डॉक्टरांनी वन्संना सांगितलंय — तेच ते ठरलेले वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे. नाकाला पुन्हा शिकवायचं. येईल म्हणाले. नाहीही येणार म्हणाले. मी म्हटलं, हुंगायला ठरलेलं काय द्यायचं ते आहे माझ्याकडे.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी खिडकीशी वन्सं, मांडीवर तीन हत्ती. दाबतात, हुंगतात, थांबतात. मग हत्तीलाच शिव्या. "बोल की मेल्या!" हे पेपरामागून हसतात, पण डोळे पुसताना मी पाहिलंय यांना.

मी रोज विचारते, "काही?" त्या म्हणतात, "काही नाही." रोज.

एक गंमत. हल्ली मीच त्यांना सांगत बसते, कसला वास येतोय ते. म्हणजे माझ्या या बोथट नाकाला जेवढा कळतो तेवढा. आता साबणाचा. आता शेजारी काहीतरी भाजतायत. त्या मान हलवून ऐकतात. पूर्वी आम्ही दोघी एका खोलीत इतका वेळ बसलो नव्हतो कधी.

८ मे, गुरुवार

काही नाही.

मालक विचारत होते, हत्ती कसे आहेत. म्हटलं, असतील! शिंपी आईला घेऊन गावाला गेलाय. तो आला की त्याच्या आईला हुंगायला लावीन.

१४ मे, बुधवार

सकाळी मी घाईत, डबा भरतेय. खिडकीतून वन्सं — "अगं ए! या संत्र्याचा गेला."

मी भरता भरताच म्हटलं, "तुम्हाला तिघांचेही गेलेत वन्सं."

"नाही. लवंग आहे. गुलाब बारीक आहे, पण आहे. संत्र्याचाच गेलाय. पुरचुंडी बदल त्याची. आणि तुझा तो डबा... कांदा लागलाय ना?"

हातातला डबा तिथेच टाकून संत्र्याचा हत्ती घेऊन पळत शिंप्याकडे गेले, तो कालच आलाय. त्याच्या आईने दाबला, परत दाबला. "नाही येत गं काही."

मोठी ऑर्डर हुकली बहुतेक. बाईंना फोन करायचाय — संत्रं नापास. करते. करीनच. पण आधी वन्संना परत हुंगायला लावलं. मग परत. मग यांच्यासमोर परत.

नापास! नापास! नापास!