पायाळूचा पाय

७ जून २०२१
सारिका आज पुन्हा पळायला गेली. कोरोनाचा ताप उतरून पंधरवडाही झाला नाही. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची चाचणी, कधीही लागेल म्हणते. अर्ध्या रस्त्यातूनच परतली. छातीत चमक मारते. उसण भरली असेल, म्हटलं.
पालथी झोपवली. मी पायाकडून जन्मलेली. पायाळूचा पाय फिरला की उसण उतरते, म्हणून सारं गाव माझ्याकडं येतं. लेकीच्या पाठीवरून पाय फिरवला.
"माय, हलकं वाटायलंय."

९ जून
परत पळाली. परत चमक. परत पाय.
शेजारचे दगडूमामा बघून हसले, "पोलिसीन बाई, आधी आईची लाथ खायची, मग चोर धरायचे का?" तीही हसली. धाप मात्र बसेना.

१० जून
पाण्याचा हंडा उचलताना सारिका पडली. ओठ पांढरे. जीपनं परभणी. एप्रिलमध्ये ह्यांना नेलं ते याच रस्त्यानं. परत एकटी आले होते.
डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या स्नायूला सूज आहे. कोरोनानंतर कुणाकुणाला होते. "दुखत असताना पळू कसं दिलंत?"
पायाचं सांगितलं नाही.

१६ जून
घरी आणली. गोळ्या चालू. सहा महिने पळणं नाही, हंडाही नाही.
"आन् तवर ग्राउंड लागलं तर?"
बूट उशाशी घेऊन झोपते. लपवावेत असं मनात आलं. लपवले तर अनवाणी पळेल.

२० जून
दगडूमामा दारात. "सुमनबाई, पाय लावा. लय उसण भरली."
"पाठीत की छातीत? ताप आला होता का?"
"पायाळू हाय का डॉक्टरीण?"
पाय लावला नाही. दवाखान्यात जा म्हटलं. चिडून गेले. जाऊ देत. ह्यांनाही असंच कुणी वेळेत हटकलं असतं तर…

२७ जून
उद्या परभणी. परत तपासणी. सूज उतरली की वाढली, ते उद्याच.
पहाटे उशाशी बूट नव्हते. धावत बाहेर आले. ओट्यावर बसलेली, बूट घालून.
"नुसते घालून बघायले." मग तिथंच पालथी झाली. "माय, पाय लाव ना. तेवढंच बरं वाटतं."
पाय उचलला नाही. शेजारी बसून पाठीवर तळहात ठेवला. आत धडधड. मधेच एक ठोका चुकल्यासारखा. तिचा की माझ्या हाताचा भास, कळेना. हात काढला नाही. बूट तिच्या पायातच.