रेडिएटरला विहिरीचं पाणी

६ ऑक्टोबर, सकाळी
छाटणी उरकली. आता बागेत ट्रॅक्टर-ब्लोअरने फवारण्याच फवारण्या. ट्रॅक्टरचं मेंटेनन्स यंदा मी स्वतः बघणार. बायकोने, म्हणजे उज्वलाने, कूलंटचा कॅन आणून ठेवलाय. त्यावर ठळक लिहिलंय, अँटीफ्रीझ. म्हणजे पाणी गोठू नये म्हणून. आपली द्राक्षं निफाडला आहेत, काश्मीरला नाहीत. उज्वला म्हणाली, मागच्या बाजूला गंज आणि उकळणं थांबवतं असंही लिहिलंय, वाचा. मागचं सगळं जाहिरात असतं. जुनं कूलंट काढून विहिरीचं पाणी भरलं. काम फत्ते.

९ ऑक्टोबर
द्राक्ष ग्रुपवर 'कूलंट: एक गैरसमज' टाकलं. शेजारचे बहिरूभाऊ म्हणाले, लय भारी लिवलं. या गावात निदान एकाला तरी कळतं.

१४ ऑक्टोबर
इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर. पाणी बघायला गरम रेडिएटरचं झाकण उघडलं. हात भाजला. उज्वलाने कोरफड लावली, कूलंटचा कॅन पुसून समोर ठेवला. ते जास्त झोंबलं.
उद्यापासून रोज पहाटे पाणी तपासणार.

१५ ऑक्टोबर
हात दुखतोय. उद्यापासून.

१८ ऑक्टोबर
काटा पुन्हा लाल. पण इंजिन तर चालतंय! म्हणजे काटाच बिघडलाय. त्याची वायर काढून टाकली. काटा खाली, डोकं शांत.

२३ ऑक्टोबर, दुपारी
तीन दिवस पावसाने पिच्छा सोडला नाही. आज उघडीप. आज औषध नाही गेलं तर डावणीची बुरशी बाग खाणार, वर्ष हातचं जाणार. आणि नेमका आज ट्रॅक्टर! आधी वाफ, मग खडखड, मग चिडीचूप. विंचूरहून ज्ञानेश मिस्त्री आला. रेडिएटरमधून चहाच्या रंगाचं पाणी काढलं. म्हणाला, अण्णा, क्षारानं समदं चोंदलंय, इंजिनचं हेड गेलं, दुरुस्तीला आठवडा तरी धरा.
मॉडेलच नाजूक निघालं. कंपनीला खडसावून लिहिणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाकीच्यांचे ट्रॅक्टर आज त्यांच्याच बागांत. म्हणून बहिरूभाऊंकडे ट्रॅक्टर मागायला गेलो. त्यांचा शेडमध्ये, बॉनेट उघडं. म्हणाले, तुमचं वाचून आमीबी कूलंट काढून हिरीचं पाणी टाकलं व्हतं. त्यांच्या बायकोने, नवसावहिनींनी, चहा विचारला नाही. परत येताना स्वतःचीच चीड आली.
पण दोष त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा असणार.

२७ ऑक्टोबर
चार दिवस पाठीवरचा पंप. एका ओळीत उज्वला, दुसरीत मी. ब्लोअरचं एका सकाळचं काम, आणि अजून निम्मी बाग बाकी. पाठ मोडली.
दुपारी सहज एक पान उलटं केलं. मागे पांढरी बुरशी. शेजारच्या वेलीवरही. उज्वलाला कसं सांगायचं, हा विचार करत बांधावर बराच वेळ बसलो. पावसाचं कारण द्यायचं ठरवलं, औषध कंपनीचंही तयार ठेवलं. शेवटी नुसतंच सांगितलं, डावणी आली.
ती म्हणाली, मला कालच दिसली. उठा, पंप भरा.