पेस्टच्या तीन रेघा

माय, कंप्युटर नीट चालतो का हे बघायला काहीतरी टाईप करावं लागतं, म्हणून तुला लिहायला बसले. नाहीतर तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पत्र कशाला लिहीन, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. मीही चौथीच शिकलेली. पण विष्णुपुरीला कॉलेजसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. इंजिनिअर होणारी पोरं माझ्याकडून प्रोजेक्ट छापून घेतात आणि शुद्धलेखनावरून माझ्याच शिव्या खातात. हे तू बघायला पाहिजे होतंस.

परवा कंप्युटर बंद पडला. बटण दाबलं तर ढिम्म. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मदर गेली." मी म्हणलं, "ती जाऊन जमाना झाला, तू कंप्युटरचं बोल." तो हसलाही नाही. आतल्या ज्या हिरव्या पाटीवर सगळे भाग बसवलेले असतात तो मदरबोर्ड, ही माणसं त्याला नुसतं मदर म्हणतात. "एवढ्या जुन्या मशीनला मी हात लावत नाही, नवाच घ्या," म्हणून निघून गेला. पुण्याहून लेकाचा फोन आला, त्याला तर बरंच वाटलं. "आई, आता दुकान बंद कर आणि इकडं ये. किती दिवस एकटी राहणार?" माय, त्याचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे. पण तिथं चहासुद्धा हातात मिळतो. बसले की बसलेच. दुकान म्हणजे हा एकच कंप्युटर. तो गेला की मी पुण्यात, एवढं सरळ होतं.

मग नांदेडच्या बाजारात हिंडून त्याच जातीचा जुना बोर्ड शोधला. दुकानदार विचारतो, "बसवणार कोण?" "मी." "मावशी, ही शिलाई मशीन न्हाई." "तुला बसव म्हणलं का मी? बोर्ड दे." घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ लावला. स्क्रू वाटीत काढले, वायर काढायच्या आधी एकेकीचा फोटो घेतला. इथवर भीती नव्हती. पण मग बंद पडलेल्या बोर्डावरचा प्रोसेसर काढायची वेळ आली. काडेपेटीहून लहान चौकोन, पण कंप्युटरचं डोकं तेच. बाजारातून आणलेल्या बोर्डावर त्याची जागा असते, तिच्यात केसासारख्या बारीक सुया. एक वाकली की बोर्ड फुकट. जुनी पेस्ट पुसून मी तो चिमटीत धरला आणि हात लटलटायला लागला.

आणि तू दिसलीस. देवणीकडचं आपलं स्वयंपाकघर, दुष्काळ, रांजणाचा तळ उघडा. तू गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलेलं आहेस आणि त्याच्यावर पळीनं पाणी सोडतेस. मी ओरडते, "प्यायला न्हाई आन् देवाला पाणी!" तू पूजा मोडत नाहीस. सगळं झाल्यावर म्हणतेस, "पळीभर हाय. तेवढ्यानं तुझी तहान भागती व्हय?" लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालाय, वडील बाहेरून ऐकून येतात की आता गावात नळ येणार. तू तव्यावरची भाकर उलटतेस. "जिल्हा काय तांब्यात घिऊन पेता येतो का?" मग माझ्या पूजेची वेळ. मी घाईनं इष्टलिंग चिमटीत उचलते, आणि तू माझ्या कोपरावर फटका देतेस. "धरू नगं. तळहातावर ठिव. धरलं की हात थरथरतोच."

मी चिमूट सोडली. प्रोसेसर तळहातावर ठेवला, सोनेरी ठिपके वर. हात थांबला. मग कडांना बोटं टेकवून उलटा केला, जागेवर नेला आणि नुसता ठेवला. दाबला नाही. आपसूक बसला.

त्याच्यावर पंखा बसवायच्या आधी राखाडी पेस्ट लावतात, उष्णता ओढायला. व्हिडिओत तुरीच्या दाण्याएवढा ठिपका सांगितला होता. ठिपका ठेवला, आणि माझी तीन बोटं कधी फिरली कळलंच नाही. तीन आडव्या रेघा! मी कंप्युटरला विभूती लावून बसले होते. पुसायला कापूस घेतला, पण पेस्ट हवी तशीच पातळ पसरली होती. म्हणलं, राहू दे.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं, काळीच. "झालं, चल पुण्याला," मी मोठ्यानं म्हणाले. मग चिडून मोबाईलवरचे ते आधीचे फोटो उघडले आणि एकेक वायर त्यांच्याशी ताडली. पंख्यामागं एक चार तारांची छोटी पिन तशीच लोंबत होती, प्रोसेसरला वीज देणारी. ती लावली. बटण दाबलं. स्क्रीन उजळली, आणि पोरांच्या फायली जिथल्या तिथं. मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

लेकानं फोनवर विचारलं, "कुणी दुरुस्त केला?" "मी." "म्हणजे तू येत न्हाईस?" "दिवाळीला येते की."

हे कुठं पाठवायचं नाही, छापून शाईही घालवणार नाही. अक्षरं उमटली, तेवढं पुरे. एक मात्र तुलाच सांगते. बोर्ड आणायला जायच्या आधीच मी पुण्याची बॅग भरली होती. तोंडानं लेकाशी भांडत होते आणि हातानं साड्यांच्या घड्या घालत होते. आता ती रिकामी करायला उठते.