ओढ्याच्या पुलावरच्या फळ्या

प्रिय नोरीन,

बाबाचं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. आजवर तुला पत्रं आईच लिहायची. आज धारा काढून झाल्या, दूध टँकरमध्ये गेलं, आई गावात कॉफी प्यायला गेली आणि मी हे लिहायला बसलो. गेली म्हणजे चालत गेली, एकटी. ते कसं, ते आधी सांगतो.

मागच्या ऑक्टोबरात तिला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. तुला कळवलं नाही, कारण तिनंच बजावलं होतं. बोलता येत नव्हतं तर डाव्या हातानं कागदावर लिहिलं, 'नोरीनला नको.' तिला धड चालता येईपर्यंत तुला कळायला नको होतं. त्यासाठी रागवायचं तर तिच्यावर रागव. माझ्यावर रागवायला तुझ्याकडे दुसरं कारण आहे.

डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, पण सपाट जमिनीवर. आता आपल्या विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यात सपाट जमीन आणायची कुठून? दाराबाहेर पाऊल टाकलं की चढ, नाहीतर उतार. डांबरी रस्त्यावर टँकर अंगावर येतात. सपाट अशी एकच पट्टी, जुन्या आगगाडीची. रूळ उचलून नेल्यावर तू नि तुमच्या समितीच्या लोकांनी जिची चालायची नि सायकलची वाट करायला घेतलीत आणि मी जिच्यावर काटेरी तार ठोकली, तीच. माझं म्हणणं तुला ठाऊक आहे. आजोबांनी ती जमीन आगगाडीला दिली होती, सायकलींना नाही. गाडी गेली की जमीन घरी यायला हवी. ते म्हणणं मला आजही चूक वाटत नाही, एवढं लिहून ठेवतो.

पण मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मी पक्कड घेऊन गेलो आणि माझीच तार तोडली. आई काठीवर रेलून बघत होती. वाकड्या तोंडानं म्हणाली, "जरा हळू तोड. सहा वर्षं वाट पाहिलीय, मजा तर घेऊ दे." पहिल्या दिवशी वीस पावलं चालली आणि घामाघूम झाली. दुसऱ्या दिवशी पंचवीस. शेजारचा अर्विद, तुमच्याविरुद्ध माझ्यासोबत सह्या गोळा करणारा, कुंपणापलीकडून ओरडला, "काय डेल्मर, पक्ष बदललास वाटतं!" मी म्हटलं, "पक्ष तोच आहे. बायको बदललीय, ऐकत नाही." त्यावर आई इतकी हसली की तिला धरावं लागलं.

एप्रिलमध्ये एकदा मी गाईपाशी अडकलो आणि आई एकटीच चालायला निघाली. त्या पट्टीवर पडली. वाटेनं दोन सायकलवाले येत होते. त्या घट्ट रंगीत चड्ड्यांमुळे मी ज्यांना पोपट म्हणायचो, त्यांतलेच. एकानं तिला पाठुंगळी घेतलं, दुसऱ्यानं काठी आणि टोपी. घरापर्यंत आणलं. मी त्यांना बसवून ताज्या लेफ्सा खायला घातल्या, लोणी-साखर लावून. माझ्या हातच्या बटाट्याच्या पोळ्या त्या, जाड आणि करपलेल्या. पोपटांनी एकूण अकरा खाल्ल्या.

मे महिन्यात आई ओढ्याच्या पुलापर्यंत पोचली. पलीकडे गाव. पण पुलावर नुसते रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर, मधल्या फटींतून खाली पाणी दिसतं. काठीचं माणूस ओलांडणार कसं? तिनं काठीच्या टोकानं एक फट चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नोरीननं बसवलेल्या फळ्या कुठे गेल्या रे?"

हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरातल्या बैठकीत निघाला होता. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, बाबांनी काढल्या. मी सगळ्या गावासमोर म्हणालो, ही मुलगी खोटं बोलते. आणि आई, जिनं आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, माझ्यासाठी उभी राहून म्हणाली, "डेल्मर खोटं बोलत नाही." तू बॅग भरलीस ती त्याच संध्याकाळी.

मी आईला सांगितलं, गवताच्या माळ्यावर आहेत, मागच्या भिंतीला. ती स्लीपरवर बसली. मला वाटलं, आता हिचा दुसरा झटका मीच. ओढ्याकडे बघत म्हणाली, "एखादी कुजलीय का?" मी म्हटलं, नाही, ओक आहे. "मग बसवायला किती दिवस लागतील?"

आठ लागले. अर्विद हातोडा घेऊन आला, एक शब्द न विचारता. तुमच्या समितीतल्या शाळेच्या बाई खिळे घेऊन आल्या. रविवारी प्रार्थनेनंतर मी त्याच तळघरात उभा राहिलो आणि फळ्या मी काढल्या होत्या, मुलगी खरं बोलली होती, असं सांगितलं. अर्विद खोकला. मग कुणीतरी माझ्या कपात कॉफी ओतली, आणि काठोकाठ ओतली. घरी येताना आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. आता बरं चाललंय आमचं, खरंच बरं. मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालतो आणि लोकांना वाट दाखवतो, जणू वाट मीच बांधलीय.

पण त्या तळघरात सगळे होते आणि तू नव्हतीस, म्हणून हे पत्र. नोरीन, तू खरं बोललीस आणि मी तुला खोटी ठरवलं, तुझ्या आईच्या तोंडून. फळ्या आठ दिवसांत बसवल्या. आपल्या दोघांतलं हे परत बसवायला किती दिवस लागतील, ते तू ठरवायचं. आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस, तरी हे माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असू दे. कुणी कधी विचारलं, तर खुशाल दाखव.

तुझाच, थोडा उशिरा खरं बोललेला,
बाबा